होळीच्या वाडीतला अर्धा हिस्सा आणि एक खुर्ची

मृत्युपत्र

मी, द्वारकाबाई काशीराम चुरी, वय एकसष्ट, धंदा वाडी आणि सुकेळी, राहणार होळी, तालुका वसई, जिल्हा ठाणे, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी जागेवर आहे. ती जागेवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे, कारण माझे दीर भालचंद्र माझ्यामागे पहिले तेच म्हणतील, की वहिनींना हल्ली काही कळत नव्हते. मला कोणी धाक घातलेला नाही. गोड बोलणारे पुष्कळ आहेत, पण ते आता या खोलीत नाहीत. हे मी माझ्या घरी न लिहिता शेजारी क्लेमेंटीनबाईंच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. माझ्या घरात मी कागद उघडला की कोणाला तरी त्याच वेळी माझ्या खोलीत येऊन पाणी प्यावेसे वाटते.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझा अंगठा असलेला कागद कोणी पुढे आणला आणि त्यावर १९७२ नंतरची तारीख असली, तर तो खोटा समजावा. त्या सालापासून मी सही करते. यजमान गेल्यावर सुकेळ्यांच्या करंड्यांवर लावायच्या चिठ्ठ्या मी बघत बसे. कुठली करंडी दादरला, कुठली नाशिकला, कुठली सुरतेला हे मला माहीत होते, म्हणून आधी गावे वाचता आली आणि मग अक्षरे. त्यानंतर वर्तमानपत्र आणि वाचनालयातली पुस्तके. मला शिकवले कोणी नाही, त्यामुळे मी काय वाचावे आणि काय नाही हे सांगणाराही कोणी नव्हता.

कलम १. माझे क्रियाकर्म साधे करावे. जेवणावळ घालायची तर वाडीत काम करणाऱ्या बायांना आधी वाढावे. माझी जाऊ सुशीला, म्हणजे भालचंद्रांची बायको, हिने मोठ्याने रडू नये. तिला ते चांगले जमते, आणि मग बाकीच्यांना काम सुचत नाही.

कलम २. होळीचे राहते घर माझा मुलगा विठ्ठल याला देते. मुलगी प्रेमलता चंदनसारला असते. मे महिन्यात आणि दिवाळीत तिला मागची खोली मिळाली पाहिजे, आणि ती मागावी लागू नये. विठ्ठल सध्या माणिकपूरला नव्या इमारतीत राहतो. तो फ्लॅट त्याने कसा घेतला हे मी त्याला दोनदा विचारले. एकदा तो म्हणाला, कर्ज काढले. एकदा म्हणाला, "आई, ओळखीने मिळाला, तुला काय त्याचं." ती इमारत बांधणारा आणि आमची वाडी मागायला येणारा माणूस एकच आहे. मला संशय आहे, पुरावा नाही. म्हणून मी मुलाला काही म्हणत नाही, फक्त लिहून ठेवते.

कलम ३. पोस्टातली आणि बँकेतली शिल्लक प्रेमलतेला. माझ्या पाटल्याही तिलाच. यजमान गेले त्या दिवशी त्या माझ्या हातातून काढल्या आणि सुशीलाने "सांभाळून ठेवते" म्हणून नेल्या. सांभाळल्याही, पण तिच्या भाच्याच्या लग्नात हातात घालून सांभाळल्या. मी मागून आणल्या. आता त्या बँकेत आहेत.

कलम ४. सुकवायचे बांबूचे मांडव, चटया आणि सोलायच्या सुऱ्या वाडीत काम करणाऱ्या कमळीला द्याव्या. तिचे हात त्यांवर माझ्याइतकीच वर्षे आहेत. कोणाला या वस्तू क्षुल्लक वाटतील, म्हणून थोडे सांगते.

राजेळी केळे पिकले की सोलून उन्हात घालायचे, संध्याकाळी झाकायचे, रोज उलटायचे. आठवड्याने ते मधासारखे होते, तेच सुकेळे. मग चांगले, मध्यम आणि टाकाऊ असे वेचून केळीच्या वाळलेल्या पानात बांधायचे. माझ्या यजमानांचा एक नियम होता: सुकवणाऱ्याने वेचायचे नाही. ज्या बाईने आठ दिवस केळे उलटले तिला ते काळे पडले तरी सोनेच दिसते. त्यांनी स्वतः सुकवलेला माल ते माझ्यापुढे ठेवत आणि पाठ करून उभे राहत. मी काय बाजूला टाकते हे बघतसुद्धा नसत. १९७१ च्या एप्रिलमध्ये भर दुपारी ते मांडवाशी केळी उलटत होते, तिथेच खाली बसले, ते उठले नाहीत. त्या दिवशीचा माल मी दुसऱ्या दिवशी उलटला, नाहीतर सडला असता. लोकांनी त्यावरही नावे ठेवली. अजूनही एप्रिल आला की मी मांडवाच्या त्या बाजूने जात नाही. लांबून जाते.

हा नियम त्यांनी मालाला लावला, धंद्याला लावायचा राहिला. आज कंपनीत चेकवर भालचंद्र भाऊजी सही करतात, खरेदी तेच करतात, आणि हिशेब तपासतो तो त्यांचा जावई. जावई चांगला आहे. पण सासऱ्याचे केळे त्याला काळे कसे दिसेल?

कलम ५. चुरी बंधू फळप्रक्रिया प्रायव्हेट लिमिटेड या कंपनीतील माझा हिस्सा.

ही कंपनी यजमानांनी आणि भालचंद्र भाऊजींनी मिळून काढली. विहिरीसकट सगळी वाडी, सुकवायची जागा, सर्व कंपनीच्या नावावर केले. शंभर भाग, पन्नास थोरल्याचे, पन्नास धाकट्याचे. यजमानांचे पन्नास माझ्या नावावर आले. त्यामुळे माझ्याशिवाय कंपनीत काही ठरू शकत नाही, आणि म्हणून मी प्रत्येक सभेला हजर असते. निदान तसे लिहिलेले असते.

वार्षिक सभा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या ओटीवर होते. त्या दिवशी घरातले सगळे एकत्र असतात, असे कारण सांगतात. पूजा मांडायची, सभा उरकायची, मग आरती. आणि लक्ष्मीपूजनाला विधवेने पुढे यायचे नाही, ही आमच्याकडची रीत. पहिल्या वर्षी मी आत बसले ते दुःखाने मला बाहेर बसवतच नव्हते म्हणून. पुढे वाटले, रीत आहे. त्याच्या पुढे वाटले, रीत आहे खरी, पण कोणाच्या तरी फार सोयीची आहे. यजमानांची वेताची खुर्ची ओटीवर भिंतीशी मांडत, तीवर त्यांचा फोटो, फोटोला हार. म्हणजे मेलेला माणूस सभेत आणि जिवंत बाई आत, असा कारभार.

वाचनालयात कंपनी कायद्याचे पुस्तक मिळाले. सगळे कळले नाही. पण एवढे कळले की वार्षिक सभा सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी घ्यायचीच नाही. मग आमच्या सभेची तारीख काय टाकतात, असे मी भाऊजींना विचारले. ते म्हणाले, आदल्या कामाच्या दिवसाची टाकतो, सगळे असेच करतात, वहिनी. त्या दिवसापासून त्यांनी वाचनालयाच्या वर्गणीबद्दल दोनदा विचारणा केली.

१९८४ ची दिवाळी. मी आत करंज्या तळत होते. माणिकपूरचा प्लासिड आमच्या कंपनीचे हिशेब लिहितो, सभेचे इतिवृत्तही तोच लिहितो. त्याने बाहेर विचारलेले मला स्वच्छ ऐकू आले.

"वहिनींचं काय लिहू?"

"दरवर्षी काय लिहितोस? हजर," भाऊजी म्हणाले. "आतच तर आहे, पळून गेलीय थोडीच."

सगळे हसले. विठ्ठलही हसला. त्याचे हसणे मी हजारात ओळखते, ते त्याच्या बापासारखे आहे.

मी कढई खाली उतरवली, हात पुसले आणि ओटीवर आले. खुर्चीवरचा फोटो उचलून मांडीवर घेतला आणि खुर्चीत बसले. सुशीला ताट घेऊन उभी होती. ती मला काही बोलली नाही, भिंतीला बोलली. "लक्ष्मी यायच्या वेळेला हे काय वाढून ठेवलंय आमच्यापुढे."

मी म्हटले, "लक्ष्मीचं तुम्ही बघा. मी सभेला आलेय."

भाऊजींनी विठ्ठलकडे पाहिले. विठ्ठलने जमिनीकडे पाहिले. प्लासिडने लिहिलेला शब्द खोडला, पुन्हा तोच लिहिला आणि म्हणाला, "आता झाल्या हजर."

मग भाऊजींना बोलावेच लागले. विषय वाडी विकण्याचा होता. विहिरीचे पाणी मचूळ व्हायला लागले आहे, केळी पूर्वीसारखी धरत नाही, इमारतवाल्याने अमुक किंमत देऊ केली आहे, असे ते म्हणाले. आकडा सांगून त्यांचे तोंड मिटते न मिटते तोच सुशीला ताटासकट पुढे झाली.

"एवढंच? परवा तो इमारतवाला मोटारीतून आला तेव्हा तर दीडपट बोलला. मी चहा देत होते."

"तू दिवे बघ," भाऊजी म्हणाले.

"दिवे लागलेत," सुशीला म्हणाली. "आकडा चुकतोय तुमचा."

तिला नवऱ्याला उघडे पाडायचे नव्हते. तिच्या लक्षातही आले नाही, आपण काय बोललो ते. बाजारात भेंडीचा भाव कोणी चुकीचा सांगितला तरी तिला राहवत नाही, तसे झाले. नंतर लक्षात आले तेव्हा ती रडली, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पायांनी बाटली म्हणून ओटी शेणाने सारवून घेतली. मधली रक्कम कोणाच्या खिशात जायची होती, हे मला आजही माहीत नाही. त्या दिवशी विषय पुढे ढकलला असे प्लासिडने लिहिले. गेली दिवाळी आजारपणाचे निमित्त काढून सभेविनाच घालवली.

तेव्हापासून घरात माझी फार काळजी घेतली जाते. भाऊजी टॉनिक आणतात. विठ्ठल दर रविवारी येतो आणि निघताना म्हणतो, "आई, तुला या वयात कंपनीची कटकट कशाला? माझ्या नावावर कर." जावईबापू प्रेमलतेच्या तोंडून तेच म्हणवतात, फक्त नाव बदलते. टॉनिक मी घेते. सही करत नाही.

आता व्यवस्था. माझ्या पन्नास भागांपैकी वीस विठ्ठलला, वीस प्रेमलतेला आणि दहा माझी जाऊ सुशीला भालचंद्र चुरी हिला द्यावे.

हे वाचून सगळे एकमेकांकडे बघतील, म्हणून कारण लिहिते. सुशीलाचे माझ्याशी पस्तीस वर्षांत पटले नाही. ती मला अपशकुनी म्हणते आणि माझ्या पाटल्या घालून मिरवली. पण तिच्यासमोर चुकीचा आकडा बोलता येत नाही, मग तो तिच्या नवऱ्याचा का असेना. माझा मुलगा मला आवडतो, म्हणून त्याचे काळे केळे मला दिसणार नाही. मुलीचेही तेच. सुशीलाला तसे कोणीच आवडत नाही. वेचायला असेच माणूस लागते.

ती नवऱ्याच्या बाजूने हात वर करील का? करील. विठ्ठल आणि भाऊजी एक झाले तर तिच्याशिवायही वाडी विकता येईल, एवढा हिशेब मला येतो. वाडी विकू नका असे मी म्हणतही नाही. पाणी मचूळ झाले आहे हे खरे आहे, आणि मेलेल्या बाईने जिवंतांच्या जमिनीवर हात ठेवून बसू नये. विकायची तर विका, पण खरी किंमत सगळ्यांसमोर सांगून. घेणाऱ्याकडून ज्याला काही मिळाले आहे त्याने ते आधी बोलावे आणि मग हात वर करावा. विठ्ठल, हे तुझ्यासाठी आहे. सुशीलाचे दहा भाग मत द्यायला कमी पडतील. ते विचारण्यासाठी आहेत.

कलम ६. अट. विठ्ठल आणि प्रेमलता यांना आपापले भाग मिळण्यासाठी, माझ्यामागे पहिली तीन वर्षे कंपनीची वार्षिक सभा माझ्या श्राद्धाच्या तिथीला भरवण्याचा त्यांनी आग्रह धरावा आणि स्वतः तिथे बसावे. सुट्टी आली तर दुसऱ्या दिवशी. जो येणार नाही त्याचे भाग दुसऱ्याला जातील. वकील म्हणाले, भाऊजींना याने बांधता येणार नाही आणि तीन वर्षांपलीकडची अट टिकणार नाही. चालेल. तीन वर्षांत सवय लागते. श्राद्धाला घरातले सगळे येतातच, लक्ष्मी यायची नसते, आणि त्या दिवशी कुठल्याही बाईला आत बस म्हणता येत नाही. जे माणूस बाकीच्यांना डोळ्यांनी दिसते आहे तेवढेच हजर लिहावे.

कलम ७. हे अमलात आणण्यासाठी प्लासिड आणि वाडीशेजारचे निवृत्त मास्तर धर्मा म्हात्रे या दोघांना नेमते. प्लासिड माणूस सरळ आहे, पण इतकी वर्षे मला न बघता हजर लिहीत आला आहे, म्हणून एकटा नेमलेला नाही. मास्तरही सरळ आहेत, पण झोपाळू आहेत. दोघांनी एकमेकांवर लक्ष ठेवावे. या मृत्युपत्राची एक प्रत दोघांकडे, एक बँकेत. घरात एकही नाही, शोधू नये.

कलम ८. वेताची खुर्ची. ती घराबरोबर विठ्ठलला जात नाही. ती सुशीलाला देते. यजमानांचा फोटो प्रेमलतेने न्यावा. सभेच्या खुर्चीवर फोटो ठेवायचा नाही, त्यांचाही नाही आणि माझाही नाही. भालचंद्र भाऊजींना दम्याचा त्रास आहे. मी त्यांचे वाईट चिंतत नाही, पण सुशीला, आपल्या घरात बायका मागे राहतात. मी आत होते तेव्हा मला बाहेर बोलवायला कोणी नव्हते, म्हणून तुला आताच बोलवून ठेवते. सभेच्या दिवशी ही खुर्ची ओटीवर मांड. कपाळाला कुंकू असले तरी बस, नसले तरी बस.

हे सर्व मी लिहून, पुन्हा वाचून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्या देखत केली. आत काय लिहिले आहे ते त्यांना सांगितलेले नाही, आणि त्यांनीही विचारले नाही.

सही: द्वारकाबाई काशीराम चुरी

साक्षीदार:
१. क्लेमेंटीन आग्नेल डाबरे, राहणार होळी, वसई
२. शत्रुघ्न बाबू पाटील, राहणार होळी, वसई

ठिकाण: होळी, वसई
तारीख: १२ फेब्रुवारी १९८६, बुधवार. सुट्टी नाही.