आप्पांची खुर्ची पाठवण्यापूर्वी

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुझा गुडघा कसा आहे आणि भाऊजींचा खोकला खरंच गेला की नुसता दिवसाचा रात्रीवर गेला, ते कळव. (मागच्या पत्रातही मी हेच विचारलं होतं, आणि तू उत्तरात फक्त माझं वजन विचारलंस. ते आहे तेवढंच आहे, आणि या पत्रात त्याचा संबंध येणार आहे.)

पत्राचं कारण आप्पांची खुर्ची. आप्पांच्या मागे ती आपण पाच-पाच वर्षं आळीपाळीने ठेवायची असं ठरलंय, त्याप्रमाणे तिची माझ्याकडची पाच वर्षं या महिनाअखेर संपतात आणि रविवारी भाऊजी टेम्पो घेऊन येतील. खुर्ची तुझ्या दारात उतरली की तू आधी तिच्याभोवती एक फेरी मारशील, मग तिच्या हातांवरून बोट फिरवशील आणि मग कोणाशी काही न बोलता आत निघून जाशील, हे मला आत्ताच दिसतंय. म्हणून तिचं काय काय झालं ते आधीच लिहून टाकतो. शिवाय खुर्चीतून निघालेली एक गोष्टही सांगायची आहे, पण ती शेवटी. तिला थोडा धीर लागतो, आणि तो लिहिता लिहिता येईल असा अंदाज आहे.

बैठक किती खचली होती ते तुला माहीतच आहे. रोज सकाळी अंघोळ झाली की मी त्या खुर्चीत बसून देवाचं नाव घेतो. पाच वर्षं घेतलं. मन वर जायचं तेव्हा जायचं, देह मात्र रोज थोडा थोडा खाली चालला होता. (वजनाचा संबंध तो हा.) शेवटी शेवटी गुडघे छातीशी यायला लागले आणि उठायचं तर तुझ्या भावजयीला हाक मारावी लागे. ती म्हणाली, "तुम्ही खुर्चीत बसत नाही, पडता. आणि देवाचं नाव घेताय की मदतीला बोलावताय, ते मला आतून कळत नाही." त्याच दिवशी ठरवलं, ताईकडे खुर्ची जाईल ती नव्या बैठकीनिशीच. गादीवाल्याकडे देऊन मोकळं व्हावं असं घरात सगळ्यांचं मत पडलं. पण आप्पांची खुर्ची परक्या माणसाने उघडावी, हे मला बरं वाटेना. (या वाक्याकडे पत्र संपल्यावर पुन्हा एकदा बघ.)

आधी लाकूडकाम. खुर्चीचा उजवा हात ढिला झाला होता, म्हणजे आप्पा मुद्दा पटवताना ज्याच्यावर मूठ आपटायचे तो. सांध्यात सरस भरला आणि सुकेपर्यंत सगळं आवळून राहावं म्हणून खुर्चीभोवती कपडे वाळत घालायची दोरी गुंडाळली. दोरीला पीळ द्यायला काहीतरी दांडक्यासारखं हवं होतं, म्हणून स्वयंपाकघरातली मोठी पळी घेतली. पीळ उत्तम बसला. पण सरस ओघळून दोरीत गेला, दोरीतून पळीला लागला आणि तिघांनी मिळून संसार थाटला. दोन दिवस आमच्याकडे जेवण वाटीने वाढलं जात होतं आणि धुणं खिडकीच्या गजांवर वाळत होतं. तुझी भावजय प्रत्येक वेळी वाढताना आधी खुर्चीकडे आणि मग माझ्याकडे बघायची. मुलगी म्हणाली, "बाबा, पळीसकटच पाठवा ना आत्याकडे, पाठ खाजवायला होईल." तिसऱ्या दिवशी पळी निघाली, जराशी वाकून. हात मात्र असा पक्का झालाय की आप्पा असते तर मूठ त्यांचीच दुखली असती.

मग काचकागदाने सगळं लाकूड घासून पॉलिश केलं. सागवान आतून अजून मधासारखं आहे. फक्त डाव्या हाताच्या टोकाशी आप्पांच्या अंगठ्याने जो खळगा पडलाय, तिथे कागद लावला नाही. दोनदा नेला आणि दोनदा परत आणला. त्यामुळे सगळी खुर्ची चकचकीत आणि तेवढीच जागा काळपट, असं दिसेल. बोट फिरवताना लक्षात असू दे, तो डाग राहिलेला नाही, ठेवलेला आहे.

आता बैठक. वरचं तपकिरी रेक्झिन काढलं तर खाली हिरवं कापड निघालं, ते आपल्या मधल्या खोलीचा पडदा. त्याच्या खाली निळं, ते आईच्या शिवणाच्या पेटीवर असायचं. आपल्या घरात जुनं काढायची पद्धतच नव्हती, वरून नवं चढवायचं. एकेक थर निघत होता तसतसा मी लहान होत चाललो होतो. सगळ्यात खाली गोणपाट आणि काथ्या. काथ्यात एक बटण सापडलं, अर्धी पेन्सिल सापडली, आणि आणखी एक वस्तू. (अजून धीर आलेला नाही. आधी कापडाचं सांगतो.)

नवं कापड मी उभ्या सरळ पट्ट्यांचं आणलं. आप्पांना सरळ रेघ आवडायची, हे एक कारण, आणि दुकानदाराने तेवढंच एक उलगडून दाखवण्याची तसदी घेतली, हे दुसरं. ते ताणून खिळे ठोकायचे, एवढंच काम उरलं होतं. मी डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि ती बाजू शेवटपर्यंत पुरी केली. मग दुसरी बाजू. तुला गुरुजी आठवतात ना, एक ओळ पुरी झाल्याशिवाय दुसऱ्या ओळीला हात लावला की पाटीच काढून घ्यायचे. तो धाक माझ्या हातांतून अजून गेलेला नाही. चौथी बाजू ठोकून झाल्यावर मागे सरकून पाहिलं, तर पट्टे सगळे एका अंगाला कललेले आणि उजव्या कोपऱ्यात कापडाचं बोचकं. मुलगी बसून बघायला तयार होईना. म्हणाली, "नुसतं बघूनच घसरल्यासारखं होतंय."

शेवटी गादीवाले काका आलेच. त्यांनी खुर्ची उलटी करून पाहिली आणि विचारलं, "कोणी केलंय हे?"

"मीच."

"शाळा खेड्यातली?"

"हो."

"तरीच. पाटीवर लिहिल्यासारखं ठोकलंय."

मग त्यांनी मूठभर बारीक खिळे तोंडात टाकले, त्यामुळे पुढचा उपदेश हुंकारांत झाला. मला कळला तो असा: आधी चारही बाजूंच्या मधोमध एकेक खिळा, तोही अर्धाच. मग थोडं या बाजूला, थोडं समोरच्या. कोणतीच बाजू आधी पुरी करायची नाही. कोपरे सगळ्यात शेवटी. ताई, इतकी वर्षं मी देवापुढे बसतोय, पण आयुष्य कसं ताणावं हे मला इतक्या नीट कोणी सांगितलं नव्हतं, आणि तेही तोंड न उघडता. काकांनी माझे सगळे खिळे उपटले आणि तासाभरात पट्टे असे सरळ बसवले की आप्पांनी पट्टी लावून पाहिलं असतं तरी दोष निघाला नसता. म्हणजे शेवटी बैठक परक्या माणसानेच केली. पण तोवर उघडायचं काम माझं झालं होतं, आणि मला तेवढंच हवं होतं.

तर खुर्ची तयार आहे. रविवारी भाऊजींना जेवायलाच यायला सांग. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला शेक.

तुझा,
धाकटा

ता. क. — आता धीर आला. काथ्यातली ती वस्तू म्हणजे आप्पांच्या काळ्या पेनाचं टोपण. ते तिथे मी घातलं होतं. मी नऊ वर्षांचा होतो, चावता चावता ते तडकलं, आणि भीतीने मी ते बैठकीच्या फटीतून आत ढकललं. पेनात शाई तू भरायचीस म्हणून आळ तुझ्यावर आला. त्या सुट्टीत तुझं मावशीकडे जाणं रद्द झालं आणि रोज तीन पानं शुद्धलेखन लिहावं लागलं. तुझ्या मोत्यासारख्या अक्षराचं लोक कौतुक करतात तेव्हा मी पाणी प्यायला उठतो, ते याच्यासाठी. आप्पांनी पुढे जन्मभर त्या पेनाच्या निबाला चिंधी गुंडाळली आणि टोपण कुठे गेलं असेल याचा विचार तीस वर्षं त्याच टोपणावर बसून केला. माझी भक्तीसुद्धा त्याच आठवड्यात सुरू झाली. संध्याकाळी मी देवापुढे डोळे मिटून बसतो म्हणून आई शेजारच्या बायकांना बोलावून दाखवायची. मी देवाला एवढंच म्हणत होतो की ही खुर्ची कोणी उघडू नये. बाकीचं मागणं पुष्कळ नंतर आलं. मला क्षमा कर. भरपाई म्हणून खुर्ची पाच वर्षांसाठी नाही, कायमचीच ठेव.

ता. क. २ — पाकीट चिकटवण्याआधी हे पत्र तुझ्या भावजयीने वाचलं. ती म्हणते, तू तेव्हा दारातच उभी होतीस आणि सगळं पाहिलं होतंस. तिला हे लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. मी विचारलं, मग ताई बोलली का नाही? तर म्हणाली, "पोरगं देवापुढे बसायला लागलंय, टिकतंय तर टिकू दे, असं म्हणाल्या." आणि खुर्ची तुझ्याकडे होती त्या पाच वर्षांत तू बैठक मुद्दाम उघडली नाहीस म्हणे. "त्याने ठेवलंय, तोच काढेल," हे तुझे शब्द. हे ऐकून मी खुर्चीत जाऊन बसलो. उठताना कोणाला हाक मारावी लागली नाही. तेव्हा 'कायमची' हा शब्द मागे घेतो. तुला माहीत असूनही तू शिक्षा भोगलीस, तर त्यातली निम्मी तुझ्या हौसेची. पाच वर्षांनी खुर्ची परत हवी.

ता. क. ३ — टोपण पाकिटात घातलंय. पेन तुझ्याकडे आहेच, लावून बघ. नाही लागलं तर आप्पांच्या फोटोसमोर जाऊन माझं नाव सांग. चाळीस वर्षं उशीर झालाय, पण ते आता खुर्चीतून उठून येणार नाहीत, एवढा धीर मला आलेला आहे.