सात बाजूंचं टेबल

३० नोव्हेंबर १९५७, ग्रोशेर बेट

या हातांनी आजवर केलेल्या वस्तू: चार होड्या, एका चर्चचा दरवाजा, सोळा खिडक्या, आईची शवपेटी, मुलीचा पाळणा, आणि एका पियानोचं झाकण. ते झाकण पाहून शहरातल्या दुकानदारानं विचारलं होतं, कुठल्या कारखान्याचं? शाळा माझी चार वर्षांची. सुतारकाम कुणी शिकवलं नाही. लाकूड चुकलं की आपलं आपणच सांगतं, ऐकणारा पाहिजे.

आज रसदेच्या बोटीनं इथे उतरलो. मजेत उतरलो असंच म्हणायला हवं, कारण वारा पडलेला होता आणि धक्क्यावर नौदलाचे सहाच्या सहा गडी मला घ्यायला आले होते. येन्टॉफ्ट नावाच्या आचाऱ्यानं माझी हत्यारांची पेटी उचलली आणि म्हणाला की मिस्त्री, ही पेटी तुमच्याहून गुबगुबीत दिसते, घरी जेवायला तिलाच घालतात काय. मग त्यानं मला दोन वेळा वाढून घेईपर्यंत उठू दिलं नाही.

काम साधं आहे. खिडक्या बसवायच्या, छपराची डागडुजी करायची, आणि नाताळच्या आत जेवणघरासाठी नवं टेबल. जानेवारीअखेर माझ्या मुलीचं, बोर्गिलचं लग्न आहे. तिचा हात धरून वेदीपर्यंत मीच न्यायचं ठरलंय. नव्या वर्षाच्या पहिल्या बोटीनं परत.

३ डिसेंबर

जुनं टेबल पाहिलं. होडीच्या फळ्या ठोकून केलेलं लांबट धूड, दोन बाजूंना बाकं, चारही पाय वेगळ्या मताचे. ठाण्याचा प्रमुख हाल्वार, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. म्हणाला, असंच करा, आठ जणांचं. मी म्हटलं, तुम्ही सहा, मी सातवा. त्यानं कान खाजवला आणि पुन्हा आठच म्हणाला. हिवाळाभर सूर्य न दिसणाऱ्या या बेटावर भरदुपारी दिवे लावून राहणाऱ्या माणसाचा हिशेब सुटत असेल. मी वाद घातला नाही.

८ डिसेंबर

सात बाजूंचं करतोय. लांब टेबलाला डोकं असतं, डोक्याशी बसणारा मोठा होतो. इथे सगळे सारखे. सात बाजू शिकलेले सुतार टाळतात, कारण कंपासनं वर्तुळाचे सात भाग बरोब्बर पडत नाहीत. मी दोरी घेऊन दोन दिवस चुकत चुकत पाडले. पहिल्या आणि सातव्या बाजूत आता केसाचाही फरक नाही. प्रत्येक बाजूला हातांची एक खुर्ची, नेमकी आत जाणारी.

वायरलेसवर बसणारा एडविन जवळ येऊन पाहत होता. नाताळला पाळीपाळीनं घरी जायची मुभा असून तुमच्यातलं कुणी जात का नाही, असं त्याला विचारलं. त्यानं ओस्मुनची गोष्ट सांगितली. अकरा वर्षांपूर्वी, नाताळच्या जेवणाला ताजा मासा हवा म्हणून ओस्मुन होडी घेऊन गेला. होडी परत आली. तेव्हापासून त्याचं ताट वाढतात. एडविन म्हणाला, "त्याला एकट्याला जेवायला बसवून घरी कसं जायचं, मिस्त्री?"

चांगली माणसं आहेत. पण ताट काय, खिडकीच्या फळीवरही ठेवता येतं. तसं मी सुचवलं.

१६ डिसेंबर

टेबल झालं. एवढं चांगलं काम माझ्या हातून झालेलं नाही. जुनं टेबल आणि बाकं कापून चुलीला दिली, या बेटावर लाकूड उगवत नाही. त्या फळ्या ओस्मुनच्या होडीच्या होत्या, हे नंतर कळलं. कुणी रागावलं नाही. येन्टॉफ्टनं एकेक तुकडा चुलीत असा घातला जसा घास भरवतात.

मग हाल्वार सगळ्यांच्या वतीनं आला. आठवी बाजू आणि आठवी खुर्ची करून द्यावी म्हणून त्यांनी काही रक्कम देऊ केली. मी नाही म्हटलं. मापात बसलेली वस्तू मेलेल्या माणसासाठी बिघडवायची नसते. विषय संपला.

२४ डिसेंबर

सगळे अंघोळ करून, केस विंचरून आले. मेंढीच्या वाफवलेल्या बरगड्या, सलगमचा लगदा, दुधातला भात आणि त्यात रिवाजाप्रमाणे एकच बदाम, ज्याच्या ताटात येईल तो वर्षभर नशीबवान. टेबलावर सात ताटं, आठवं खिडकीच्या फळीवर.

बसलो. एडविन उभाच राहिला.

मला वाटलं कुणी खुर्ची हलवली. मोजल्या, सात होत्या. सातही भरलेल्या. एकेक चेहरा पाहिला, सगळे ओळखीचे, परका कुणी नाही. कुठली खुर्ची कुणाची, हे मात्र डोक्यात ठरेना. एडविन हसून म्हणाला की मिस्त्रींचं गणित माझ्याहून कच्चं निघालं, आणि फळीवरच्या ताटात जेवला.

पातेलं पुसून झालं तरी बदाम कुणालाच मिळाला नाही. उठल्यावर पाहिलं, माझ्या डाव्या हाताच्या खुर्चीची बैठक ओली होती. लाकूड फुगेल म्हणून पुसली. बोट जिभेला लावलं. खारट.

२६ डिसेंबर

कालही तेच, आजही तेच. हाल्वारनं एडविनला आपली खुर्ची दिली, तर हाल्वार उभा. एडविननं ती लगेच परत केली. जेवला नाही. म्हणतो उभ्यानं अन्न उतरत नाही, पाय नुसते धक्क्याकडे ओढतात. थकून गेलाय. आम्ही सगळेच.

२७ डिसेंबर

एडविनचे बूट धक्क्यावर मिळाले. एडविन नाही. हाल्वारनं वायरलेसवरून कळवलं. समुद्र खवळलाय, बोट आठवडाभर येणार नाही.

दुपारी जेवायला आम्ही सहा, खुर्च्या सात. मनात आलं (लाज वाटते, पण आलं) की आता तरी जागा पुरेल.

सगळ्या भरल्या. येन्टॉफ्ट डाव घेऊन उभा. त्यानं टेबलावरून नजर फिरवली आणि हळूच म्हणाला,

"एडविन आला वाटतं."

आवाज दमलेला होता. थोडा आनंदीही. मग त्यानं सगळ्यांना वाढलं.

२९ डिसेंबर

आठव्या बाजूसाठी लाकूड शोधलं. नाही. खाटा लोखंडी, दारं पत्र्याची. जे होतं ते मीच चुलीला दिलं.

पण लाकूड लागतच नाही. सात बाजूंच्या टेबलाचा एक कोपरा कापला की आठ बाजू होतात. चहा निवायच्या आत होईल एवढं काम. बसायला माझी पेटी आहे.

करवत कोपऱ्यावर ठेवली. तो सांधा सगळ्यात सुरेख जमलेला – उचलली. दुसऱ्या कोपऱ्यावर ठेवली. तोही –

येन्टॉफ्ट दारातून पाहत होता. म्हणाला, राहू दे मिस्त्री, जीव लावून केलंत.

उद्या कापतो.

३० डिसेंबर

येन्टॉफ्ट नाही. बूट धक्क्यावर, जोडून ठेवलेले.

स्वयंपाक मात्र झालेला होता. त्याच्याच हातचा, मीठ थोडं जास्त. कुणी केला, कुणी विचारलं नाही –

आम्ही पाच. खुर्च्या भरलेल्या. उभा होतो मी.

३१ डिसेंबर

हाल्वार म्हणाला, माझ्या जागी बसा. बसलो, तर तो उभा. मला पाहवेना. उठलो.

घास उतरत नाही. पाय ओढतात, एडविन म्हणायचा तसेच. कुणी ओढत नाही, तरी –

करवत जागेवर नाही. पेटीत नाही. मीच कुठे – आठवत नाही.

१ जानेवारी

खिडकीच्या फळीवर टेकून लिहितोय. लिहितोय तोवर पाय हलत नाहीत. मागे जेवण चाललंय. हसतायत. येन्टॉफ्ट कुणाची तरी थट्टा करतोय, सगळे एकमेकांचे जुने –

बूट काढलेत. मी कधी काढले?

बोर्गिलला सांगा की पाळणा तिच्या मुलांसाठी –

एक लिहायचं राहिलं. त्या दिवशीची रक्कम. सहा जणांनी दहा-दहा क्रोनर काढले, हाल्वारनं पिशवी माझ्यापुढे ठेवली. मी मोजली, पाहिली आणि परत सरकवली. दहाच्या नोटा. सात होत्या. एक ओली. मला वाटलं कुणी दोनदा – नाही, ओस्मुननंही आपला वाटा घातला होता. एका खुर्चीसाठी. सत्तर क्रोनर, आणि मी त्यांना म्हटलं, मापात बस