खांबाआडची नवी पाहुणी

२ जुलै, मंगळवार
फादरनी मला चर्चच्या स्वागत समितीचा प्रमुख केलं. समितीत सध्या मी एकटाच. बरंच आहे, भांडणं होणार नाहीत. फादरचं म्हणणं, लोक एकदा रविवारच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, येतात आणि परत तोंड दाखवत नाहीत. महिनाअखेरपर्यंत एक तरी पाहुणा दुसऱ्यांदा आला पाहिजे, नाहीतर समिती आपल्या चर्चमधल्या डेंटिस्टकडे जाईल. म्हणजे ज्या माणसाकडे कोणी आपणहून जात नाही, तो स्वागत करणार!
संकल्प: अनोळखी माणसात प्रभू बघायचा. शक्यतो पहिल्याच रविवारी.

४ जुलै, गुरुवार
पाहुण्यांना लावायला पिवळ्या फिती कापल्या. फॉर्म तयार केला, चौदा प्रश्नांचा. बायकोने विचारलं, हे चर्च आहे की पासपोर्ट ऑफिस. तिला मॅनेजमेंट कळत नाही.

७ जुलै, रविवार
सकाळी ७.४०. मी दारात. कोट घातलाय.
दुपारी १. पहिला पाहुणा आठ वाजताच गाठला. लाजरा माणूस. हातात जड पिशवी, सारखा मागच्या दाराकडे बघत होता. मी बरा सोडेन! फीत लावून पहिल्या बाकावर बसवला. दोनदा उठायला लागला, दोन्ही वेळा खांद्यावर हात ठेवून खाली बसवला. आध्यात्मिक संकोच, दुसरं काय. मिस्सा संपल्यावर कळलं की तो प्लंबर. संडासातला पाइप फुटला म्हणून फादरनीच बोलावला होता. तोवर पाणी हॉलच्या दारापर्यंत आलं होतं. यात माझी चूक नाही, त्याने बोलायला हवं होतं.
नंतर एक नवरा-बायको आले. नवव्या प्रश्नापर्यंत छान चाललं होतं. मग म्हणाले, गाडीत काहीतरी विसरलंय. मी पार्किंगपर्यंत मागे गेलो, खिडकीतून फॉर्म आणि पेन दिलं. पेन घेऊन गेले.

१४ जुलै, रविवार
सापडली. शेवटच्या बाकावर, खांबाआड, एकटीच. पन्नाशीची बाई, करडा स्वेटर. फीत लावली तर हसली. या वेळी फॉर्म काढलाच नाही. मीच बोललो. बावीस वर्षांत या चर्चसाठी मी काय काय केलं ते सांगितलं, पित्ताशयाचं ऑपरेशनही सांगितलं. मन लावून ऐकत होती. मग सगळं चर्च फिरवून दाखवलं. हॉलमध्ये दिव्याचं बटण मला सापडेना, तिने पटकन लावलं. कपाटामागे असतं म्हणाली. नवीन माणसाची नजर तेज असते.

१७ जुलै, बुधवार
जेवण जात नाही. ती परत आली नाही तर संपलं. डेंटिस्ट आज रस्त्यात भेटला आणि विनाकारण हसला. दात दाखवायची सवयच आहे त्याला.

२१ जुलै, रविवार
आली! आली! त्याच बाकावर. मी फादरना गाठून तिथल्या तिथे सांगितलं. फादर खूश. डेंटिस्टचं तोंड बघण्यासारखं झालं.
मिस्सानंतर कॉफीला कप कमी पडले, तर ती खुर्च्यांमागच्या खोक्यातून दोन डझन काढून घेऊन आली. किती लवकर रुळली! माझ्या मार्गदर्शनाचा परिणाम. नंतर सगळे कप धुतलेही. मी अडवलं नाही. कामातून आपलेपणा वाढतो.

२५ जुलै, गुरुवार
ठरलं. रविवारी माइकवरून तिची ओळख करून द्यायची. भाषण लिहिलं, साडेसात मिनिटं. त्यातली सहा माझ्याबद्दल आहेत, पण ओघात आलंय. बायकोला वाचून दाखवलं. ती मधेच भाजी बघायला उठली ती आलीच नाही.

२८ जुलै, रविवार, संध्याकाळ
थोडक्यात लिहितो.
भाषण झालं. शेवटी आपल्या नव्या भगिनी, सलग तिसरा रविवार, असं म्हणून तिला उभं केलं. टाळ्या पडल्या. तिने माइक मागितला. मला वाटलं, आभार मानणार.
ती म्हणाली, "मी अकरा वर्षं येतेय. याच बाकावर बसते."
मी भाषणाचा कागद खिशात घातला.
मग म्हणाली, "तेवढ्या वर्षांत माझ्याशी बोलायला आलेले हे पहिलेच."
मान खाली घालून सगळे आपापले बूट बघत बसले. डेंटिस्टही. तो तर आठ वर्षं तिच्या पुढच्याच बाकावर बसतो. मलाही लाज वाटली, अगदी कानापर्यंत. मग थोडा अभिमानही वाटला. पहिला मीच ना!
नंतर फादर म्हणाले, समिती तुमच्याकडेच राहू द्या. कोणाकडे दिली तरी फरक पडेल असं त्यांना वाटत नाही. म्हणजे जिंकलो, बहुतेक.

रात्री ८
फादरचा फोन. तिला जेवायला बोलवायचंय, चिठ्ठी पाठवतायत. वर नाव काय घालू, असं विचारलं. पाच मिनिटांत सांगतो म्हणालो.
बायकोला विचारलं. तिला माहीत नाही. शेवटी नाक मुठीत धरून डेंटिस्टला फोन केला. त्यालाही नाही.
तिला मात्र माझं नाव पाठ आहे. दर रविवारी मीच सांगत होतो.