साखरेच्या डब्यावरचं नाव

झियादा,

काल पाहुण्यांच्या सायीवर तू साखर म्हणून मीठ भुरभुरलंस, ती चूक माझी होती.

मी आत्ता कुठे वाचायला शिकतेय म्हणून तू कपाटातल्या प्रत्येक डब्यावर मोठ्या अक्षरात नाव चिकटवलंस. साखरेला आपण कान्त म्हणतो, आणि तुझ्या सासऱ्यांचं नाव कान्तोरो. मीच दटावलं होतं, "सुनेनं ते नाव घ्यायचं नाही, लिहायचंही नाही." मग तू नुसतं 'पांढरं' लिहिलंस. परवा तो डबा रिकामा दिसला. नाव वाचता आलं, या आनंदात मी 'पांढरं' म्हणजे मीठच समजून मिठाची पिशवी त्यात ओतली.

पाहुण्यांची तोंडं वाकडी झाली तेव्हाच मला उमगलं. बुरुलचा वन्सं म्हणाल्या, "वहिनी, शहरातली सून आणलीस, हिला मीठ-साखर कळेना!" आणि तरीही मी हसले. वर म्हणाले, "डबे मांडता येतात ना, पुष्कळ झालं." तू मान खाली घालून वाट्या उचलल्यास.

सकाळी तुझी भरलेली बॅग दाराशी पाहिली. तोंडाने सांगायचा धीर झाला नाही, म्हणून शेजारच्या पोरीकडून हे लिहून घेतलंय.

मी बुरुलचा वन्संकडे जातेय, तिथून कालच्या बाकीच्या दोघी पाहुण्यांकडे. मीठ कुणी ओतलं ते सांगेन, आणि माहीत असून हसले तेही. मी येईपर्यंत थांब. नाही थांबलीस तर तुझ्या माहेरी येईन आणि तुझ्या आईसमोर हेच सांगेन.

तुझी सासू, आपा