टोपलीखाली दोन दिवस

प्रिय धाकट्या,

मंगळवार, ११ मार्च, सकाळी सात वाजून वीस मिनिटं. गाडी सुरू करून, काच खाली करून तू मला सांगितलंस की कबऱ्या कोंबडीला परसात टोपलीखाली ठेवलंय, दाणे खातेय, बरी होईल, उगाच उघडून बघत बसू नकोस. मी मान डोलावली. सोमवारी तू मला डॉक्टरांकडे नेलंस तेव्हापासून मान डोलावण्यापलीकडे मी केलंय काय?

गुरुवारी दुपारी परसात वास आला. टोपली उचलली. कुत्र्याने धरलेल्या मांडीचं हाड बाहेर आलं होतं, जखमेत अळ्या वळवळत होत्या. दाणे जसेच्या तसे. आणि ती जिवंत होती रे, माझ्याकडे बघत होती. कुत्र्याने धरलं त्या रविवारीच तिला यातनांतून सोडवायला हवं होतं, हे तुला दिसत नव्हतं असं नाही. तुझ्याने बघवत नव्हतं, म्हणून झाकलंस. वडिलांवर गेलास. तेही अशा वेळी पेपर घेऊन पुढच्या खोलीत बसायचे.

आळीतल्या बायका आजारी कोंबडी माझ्याकडेच आणतात, का ते तुला ठाऊक आहे. डाव्या हातात पाय, उजव्या हाताच्या दोन बोटांत मान, खाली ओढून मागे एक झटका. मग डोळ्याला बोट लावून बघायचं, पापणी हलता कामा नये. बत्तीस वर्षं इस्पितळाच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढलं, कुणाला दुसऱ्यांदा टोचलं नाही. कोंबडीलाही दुसरा झटका कधी दिला नाही.

काल द्यावा लागला. बोटं ऐन वेळी सुटली. ती ओरडली, पंख आपटत राहिली आणि माझा हात काही केल्या मिटेना. भिंतीपलीकडून शिवणवाली धावत आली. म्हणाली, अगं बाई, तुमचा हात तर माझ्या मशीनसारखा चाललाय! एरवी तिला चांगली सुनावली असती. काल तिनेच माझं मनगट दाबून धरलं, तेव्हा कुठे झालं. पापणी मी तीनदा तपासली. मग न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसले. रडले नाही. घाबरले होते.

कारण ही बोटं काल पहिल्यांदा सुटली नाहीत. डिसेंबरात कप, मग किल्ली, परवा पेन. शाळेत सिस्टरनी फूटपट्टी मारून वळण लावलेलं माझं अक्षर. आता या ओळी बघ, किड्यामुंग्यांची रांग वाटते. डॉक्टरांनी मला बाहेर बाकावर बसवून तुला एकट्याला आत ठेवलं, सतरा मिनिटं. मी घड्याळ बघत होते. बाहेर येऊन तू म्हणालास, काही नाही गं, वयाचं आहे. रिपोर्ट तुझ्या बॅगेत गेला. जन्मभर दुसऱ्यांचे रिपोर्ट लिहिलेल्या बाईला स्वतःचा वाचता येणार नाही, असं वाटलं तुला?

फोन करू नकोस, उचलणार नाही. फोनवर खोटं बोलताना तू आधी खाकरतोस आणि मग मलाच तुझी दया येते. त्या सतरा मिनिटांत काय बोलणं झालं, आजाराचं नाव काय, हा हात आणखी किती दिवस माझं ऐकेल, हे सगळं कागदावर लिही, रिपोर्टची प्रत जोड आणि पाठव. शनिवार, २२ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत तुझं उत्तर माझ्या हातात हवं. नाही आलं, तर सोमवारी सकाळी मी एकटी डॉक्टरांच्या दारात बसेन आणि आत घेईपर्यंत उठणार नाही.

तुझीच, अजून तरी स्वतःच्या हाताने सही करणारी,
आई