लेट्यूसच्या पानातला पहिला घास

ग्युहो,

मी बुसानला तुझ्या मावशीकडे चालले आहे. सूप गॅसवर आहे, भात कुकरमध्ये.

गच्चीवरच्या लेट्यूसला पाणी घाल. पानं हाताने खुडायची, तीही खालची, बाहेरची तेवढीच. मधला कोंब राहिला तर पावसाळ्यापर्यंत पानं येत राहतात. तुझ्या हारीमने काल कात्री घेऊन अख्खे गड्डेच छाटले, आणि तू म्हणालास, "किती पटापट काढलंस गं!" बायकोचं कौतुक करावं, माझं काही म्हणणं नाही. थर्माकोलच्या खोक्यांत माती मी भरली, रोपं मी वाढवली, तेही असू दे.

पण काल डुकराचं मांस भाजून झाल्यावर तू पहिलं पान तळहातावर घेतलंस, त्यात भात, मांस, लसूण ठेवून गुंडाळलंस. पहिला घास आईला, ही तुझी लहानपणापासूनची सवय. तुझा हात माझ्याकडे आला आणि माझ्या तोंडासमोरून हारीमच्या तोंडात गेला. मी जांभई दिली. तू हसलास, "लेट्यूस खाल्लं की आईला झोप येतेच!"

मी तोवर एक पानही खाल्लं नव्हतं, बाळा. तोंड मी घासासाठी उघडलं होतं.

आई