रक्त आधी दिलं होतं

परळ,
२३ फेब्रुवारी २०२६

ती. सुभद्राआत्यास,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रातली माझी चूक आधी दुरुस्त करते. साखरेच्या नव्या गोळीने बाबांचं यकृत बिघडलं, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. काल फाइल लावताना तारखा पाहिल्या. रक्त दिलं तीन तारखेला, गोळी सुरू झाली सहाला. रिपोर्ट आणायला आम्हीच आठवडा लावला आणि मी आळ गोळीवर घातला.

मग यकृताचे आकडे दुप्पट का? डॉक्टर म्हणाले, साखर असणाऱ्यांच्या यकृतात चरबी साचते, त्यानेही वाढतात; पण आणखी काही घेत असतील तर सांगा. बाबा म्हणाले, चहा घेतो. पण आत्या, रोज सकाळी ते मोरीपाशी पाठमोरे उभे राहून काहीतरी पितात आणि पेला स्वतः घासतात. ज्यांनी जन्मात बशी विसळली नाही ते! शेजारच्या कालिंदीकाकी म्हणतात, बाटली असेल. मी गादीखालीसुद्धा शोधलं. बाबा म्हणाले, सीआयडीत भरती हो.

फोन करावा तर एका खोलीत सगळं त्यांना ऐकू जातं आणि तुला काहीच नाही. तुला काही ठाऊक आहे का?

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी,
आकांक्षा

देवगड,
१ मार्च

चि. आकांक्षास,
अनेक आशीर्वाद.

गो बाये, बाटली नव्हे! दिवाळीत जयवंत आला तेव्हा मीच त्याला साखरेवरचं चूर्ण दिलं. बाजारात एक वैदू बसतो, त्याच्याकडचं. डब्यावर नावगाव नाही, पण पाल्याचंच आहे. पोरीला सांगू नको, ती डॉक्टरच्या कानावर घालील, अशी शपथही मीच घातली. त्या कालिंदीला म्हणावं, आपल्या घरातल्या बाटल्या मोज.

तू नाव लिहिलंस ती गोळी मी दोन वर्षं घेते. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी बंद केली. आता चूर्णच घेते, दोन वेळा. माका काय्येक झाला नाय. तहान फार लागते आणि अंधुक दिसतं, पण उन्हाळा लागलाय. आता म्हणतेस, गोळीचा दोष नाही. पुढच्या पत्रात काय दुरुस्त करशील? तुझ्यावर विश्वास ठेवावा तरी कसा?

जयवंताशी भांडू नकोस. जेवत जा.
आत्या

परळ,
६ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

माझ्या एका ओळीने तुझी गोळी बंद झाली. पत्र वाचून बाबांसमोर ठेवलं.

बाबांनी डबा काढून दिला. डॉक्टर म्हणाले, त्यात काय आहे ते कळत नाही, तेव्हा बंद. महिन्याने पुन्हा रक्त. दोष चूर्णाचाच, असं तेही म्हणाले नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही. तुझी तहान आणि नजर मात्र त्यांनी उन्हाळ्यावर ढकलली नाही. ताबडतोब दाखवा, म्हणाले.

लगेच सलोनीवहिनीला फोन केला. ती म्हणाली, आई रोज गोळी घेतात, पाकीट रिकामं होतं. गोळ्या टाकतेस कुठे, आत्या? आज ती तुला डॉक्टरकडे न्यायला निघाली, तर शिमग्याची पालखी दारी येऊन गेल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही, असं तू तिला सांगितलंस. पालखी सोमवारी येते, हेही मी तिच्याकडून विचारून घेतलं, कारण आता तुझ्या शब्दावर माझाही विश्वास नाही. तोवर ती साखर घरीच तपासेल. फार चढली तर पालखीचंही ऐकणार नाही.

बाबा म्हणाले, चूक तुझी, तूच जा. रजा टाकली आहे. काय बोलायचं ते समोर बोल, पण लोभ तोडू नकोस. मंगळवार, दहा मार्च, सकाळी नऊ वाजता मी तुला डॉक्टरकडे नेणार आहे.

तुझी,
आकांक्षा